यकृतातल्या आरएफ अब्लेशनची प्राण्यांमधली चाचणी: प्रकल्प नोंदी

३ जून

नवी वही. आरएफ अब्लेशन म्हणजे यकृतातली गाठ सुईतून रेडिओ-वारंवारतेची वीज सोडून, तापवून मारणं. बेंचवरचं, म्हणजे मेलेल्या यकृतावरचं, काम संपत आलंय आणि आता डुकरांच्या जिवंत यकृतात उतरायचं आहे. त्याआधी आपण नक्की काय विचारतोय ते इथे लिहून ठेवते, कारण मध्येच प्रश्न बदलला तर प्राणी फुकट जातात.

यंत्र असं: ४८० किलोहर्ट्झचा जनरेटर, कमाल २०० वॅट. सुई आतून थंड पाणी फिरवून गार ठेवलेली, उघडं टोक ३ सेंमी, वरचा दांडा इन्सुलेट केलेला. एवढी वारंवारता घ्यायचं कारण जुनंच आहे. १० किलोहर्ट्झच्या वर गेलं की विजेने स्नायू आखडत नाहीत, हे दार्सोनव्हालने १८९१ मध्ये दाखवलं होतं. वर उरते ती फक्त ऊब. पेशींभोवतालचे आयन प्रवाहाबरोबर पुढेमागे हलतात आणि त्या घर्षणाने ऊती तापते. सुई स्वतः तापत नाही. नव्या माणसाला हे दोनदा सांगावं लागतं, कारण डोळ्यांसमोर डागणीच येते.

आम्ही बदललाय तो नियंत्रणाचा भाग. जुन्या पद्धतीत इम्पीडन्स (ऊतीचा विजेला होणारा अडथळा) वर गेला की शक्ती काही सेकंद पूर्ण बंद व्हायची. नव्यात इम्पीडन्सचा कल वळू लागला की शक्ती आधीच खाली येते. प्रश्न एकच: ३ मिमीपेक्षा जाड रक्तवाहिनी शेजारी असताना मेलेल्या ऊतीचा गोळा त्या बाजूला पुरा होतो का? गोळा सरासरी किती मोठा येतो, हा प्रश्न दुय्यम. गाठ उरते ती वाहिनीच्या बाजूला.

५ जून

कत्तलखान्यातून आणलेल्या ताज्या यकृतावर शेवटची फेरी. आखूड व्यास सरासरी ३८ मिमी. आकडा देखणा आहे आणि म्हणूनच मला तो आवडत नाही.

मेलेल्या यकृतात रक्त वाहत नाही. तिथे उष्णता फक्त झिरपत बाहेर जाते, वाहून नेणारं कोणी नसतं. ऊतीतल्या उष्णतेच्या, पेनेसने १९४८ मध्ये मांडलेल्या समीकरणात रक्तप्रवाहाचं पद वेगळं आहे ते याचसाठी. आम्ही बेंचवर ते पद शून्य करून बसलो आहोत.

आणखी एक गोष्ट आज पक्की झाली. यकृत थेट सलाइनमध्ये ठेवून ३७ अंशांवर आणलं, तर कडेची ऊती मीठ-पाणी शोषते, तिथली विद्युतवाहकता वाढते आणि प्रवाह कडेकडे पळतो. आता प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करूनच पाण्यात सोडतो. मागच्या महिन्यातल्या सहा तुकड्यांचे आकडे यामुळे बाद केले. वहीत त्यांच्यावर एकच आडवी रेघ मारून तारीख आणि सही केली, खालचा आकडा वाचता यायला हवा.

११ जून

आजचा अख्खा दिवस थर्मोकपलने, म्हणजे तापमान मोजणाऱ्या धातूच्या तारांनी, खाल्ला.

सुईपासून ५, १० आणि १५ मिमीवर तीन थर्मोकपल. आरएफ सुरू करताच तिन्हींचं तापमान त्याच क्षणी ९ अंशांनी वर, बंद करताच तसंच खाली. ऊती अशी उडी मारत नाही. १५ मिमीवर ऊब पोचायला वेळ लागतो, तिथे तर पहिली काही सेकंदं आलेख सपाटच असायला हवा. म्हणजे तारा अँटेनासारख्या आरएफ उचलत होत्या आणि मीटर त्यालाच तापमान समजत होता. लो-पास फिल्टर लावल्यावर उडी दीड अंशावर आली, शून्यावर नाही.

प्राण्यांमध्ये फायबर-ऑप्टिक सेन्सर वापरायचे ठरवलं. धातू नाही, त्यामुळे आरएफ उचलणं नाही आणि प्रवाहाची वाट वळवणंही नाही. नाजूक आहेत, मोडतात, महागही आहेत. पण दीड अंशाची चूक कुठे लागते ते पाहा. मोजमाप ४३ अंशांवरच्या समतुल्य मिनिटांत केलं, तर ४३ च्या वर प्रत्येक अंशाला लागणारा वेळ निम्मा होतो. ऊती मरायला ४३ वर २४० मिनिटं ही मर्यादा धरली, तर ५० अंशांवर जेमतेम २ मिनिटं पुरतात आणि ५५ वर साडेतीन सेकंद. गोळ्याच्या ऐन कडेला, जिथे ४६ की ४७ हाच वाद आहे, तिथे दीड अंशाने सगळं उत्तर फिरतं.

१४ जून

रिटर्न पॅड, म्हणजे प्रवाह परत घेणारे, कातडीवर चिकटवायचे पॅड. या विषयावर कोणी उत्साहाने बोलत नाही, पण प्राण्याला सगळ्यात सहज इजा होते ती इथेच.

सुईतून जेवढा प्रवाह आत जातो तेवढाच पॅडमधून बाहेर येतो. साध्या शल्यक्रियेच्या कॉटरीत (विजेने डागण्यात) तो क्षणभर असतो, इथे १२ मिनिटं सलग, एक-दीड अँपिअर. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे चार पॅडमध्ये समान वाटणी झाली तर प्रत्येकातली ऊब सोळाव्या हिश्श्यावर येते. मात्र ‘समान’ हा शब्द फसवा आहे. सुईच्या सगळ्यात जवळचा पॅड जास्त ओढतो, आणि प्रत्येक पॅडमध्येही सुईकडे तोंड केलेली कड आधी तापते. म्हणून लांब बाजू सुईकडे, चारही पॅड सारख्या अंतरावर, दोन्ही मांड्यांवर. केस काढून, धुऊन, पूर्ण कोरडं करून मगच चिकटवायचे. डुकराचे राठ केस खाली राहिले तर हवेचे कप्पे होतात आणि उरलेल्या जागेत प्रवाह दाटतो.

प्रत्येक पॅडच्या पुढच्या कडेखाली एक तापमान सेन्सर. ६ अंशांच्या वर वाढ झाली की थांबायचं. अब्लेशन अर्ध्यावर असलं तरी थांबायचं.

१८ जून

नैतिक समितीसमोर दोन तास.

आमच्या अर्जात तात्काळ गटात ४ डुकरं आणि प्रत्येकात ४ गोळे होते. दोन जुन्या नियंत्रणाने, दोन नव्याने, यकृताच्या कुठल्या लोबमध्ये (खंडात) काय हे बंद पाकिटातल्या चिठ्ठीवरून. समितीतल्या एका वयस्कर बाईंनी विचारलं, “तुमची संख्या १६ की ४?”

मी १६ म्हणणार होते. पण त्या बरोबर होत्या. एकाच डुकरातले चार गोळे एकच रक्तदाब, एकच तापमान, एकच भूल वाटून घेतात. ते चार साक्षीदार नाहीत, एकाच साक्षीदाराने चार वेळा सांगितलेली गोष्ट आहे. विश्लेषणात प्राणी हा वेगळा स्तर धरायचं लिहून दिलं. नव्या-जुन्याची तुलना त्याच प्राण्याच्या आत होत असल्यामुळे ४ पुरतात, हे त्यांनी मान्य केलं. मंजुरी मिळाली.

दुसरा गट २८ दिवस जगवण्याचा, ४ प्राणी. त्यांच्यासाठी वेदनेचं गुणपत्रक आणि कुठल्या टप्प्यावर प्रयोग सोडून प्राण्याला शांतपणे मरण द्यायचं याची यादी आधीच लिहून घेतली. ती यादी आज, शांत डोक्याने लिहिली गेली हे चांगलं झालं. रात्री दोन वाजता, आकडे हवे असताना, माणूस वेगळा विचार करतो.

२४ जून

पहिल्या चार माद्या आल्या, ५० ते ५५ किलोच्या. एक आठवडा नुसतं रुळू द्यायचं. प्राणिगृहाचे मामा रोज त्यांच्यात बसतात, हातून खायला घालतात. आमचे पशुवैद्य डॉक्टर म्हणाले, घाबरलेलं डुक्कर भूल नीट घेत नाही. शिवाय या जातीत घातक अतिताप होण्याची आनुवंशिक खोड असू शकते, म्हणून रक्त तपासणीला गेलं आहे.

३ जुलै

पहिला प्राणी.

सकाळी सातला भूल. नळी घालताना डॉक्टरांनी फार खोल जाऊ दिली नाही. डुकराच्या उजव्या वरच्या फुप्फुसाची शाखा थेट श्वासनलिकेतून निघते, नळी खोल गेली की ती बंद होते. मग आयसोफ्लुरेन हा भुलीचा वायू, धमनीत रक्तदाबाची लाइन, गुदद्वारात तापमान. अंगाखाली गरम पाण्याची गादी, कारण पोट उघडं असताना तापमान भराभर उतरतं आणि ३९ अंशांचं यकृत ३५ वर आलं तर आपली तुलनाच मोडते.

पोट उघडल्यावर यकृत पहिल्यांदा नीट पाहिलं. बेंचवरचं यकृत म्हणजे तपकिरी लादी. हे श्वासाबरोबर सरकतं, चकाकतं, बोट लावलं तर उबदार. डुकराच्या लोबच्या कडा पातळ असतात, ३ सेंमीचा गोळा मावेल अशा जागा मोजक्याच. अल्ट्रासाउंडने प्रत्येक लोबमध्ये यकृतशिरेची ३ मिमीच्या वरची फांदी शोधली आणि तिच्यापासून ५ मिमीवर सुई ठेवली. सुई घालताना व्हेंटिलेटर उच्छ्वासाच्या शेवटी थांबवला. लोब आणि जठर यांच्यामध्ये ओलं गॉझ.

पहिलं अब्लेशन जुन्या नियंत्रणाने. सुरुवातीचा इम्पीडन्स ९४ ओम. ऊती तापेल तशी आयनांची हालचाल सोपी होते, अंशागणिक सुमारे २ टक्के, त्यामुळे आधी तो खाली येतो. ८१ पर्यंत आला, तिथे रेंगाळला, मग पाणी उकळून वाफेचे बुडबुडे झाले आणि आकडा सरळ वर. शक्ती बंद, पुन्हा सुरू, पुन्हा बंद. बेंचवर पहिला उसळा दुसऱ्या मिनिटाला यायचा, इथे तो चौथ्याला आला. रक्त ऊब घेऊन जात होतं, आणि ते डोळ्यांसमोर दिसत होतं.

नव्या नियंत्रणाने इम्पीडन्स ८४ वरून वळू लागताच शक्ती १४० वरून ९५ वॅटवर आली आणि मग पूर्ण १२ मिनिटांत एकच उसळा. आलेख गुळगुळीत. खोलीत सगळे खूश झाले. मी पण.

अल्ट्रासाउंडवर मोठा पांढरा ढग होता. तो बुडबुड्यांचा ढग आहे, गोळ्याची हद्द नाही, हे मी तिथल्या नव्या मुलाला सांगितलं. तरी तो ढग शिरेला चहूबाजूंनी लपेटून बसलेला पाहून मलाही वाटलंच की काम झालं.

गार पाण्याचा पंप बंद केल्यावर सुईच्या टोकाचं तापमान ७२ अंश. बाहेर काढताना सुईची वाट गरम करत काढली, रक्तस्राव नगण्य. शेवटच्या अब्लेशननंतर दोन तास भूल चालू ठेवून थांबलो. ताबडतोब कापलं तर मरणपंथाला लागलेल्या पेशींतली एन्झाइमं अजून चालू असतात आणि रंग खोटं बोलतो. मग भुलेतच शेवटचं इंजेक्शन. डॉक्टर हात ठेवून उभे होते, मॉनिटर सपाट झाल्यावरही थोडा वेळ.

त्याच रात्री

५ मिमीच्या चकत्या, टीटीसी या रंगाच्या द्रावणात ३७ अंशांवर, अंधारात. ज्या पेशींची एन्झाइमं जिवंत, त्या विटेसारख्या लाल होतात. मेलेल्या फिक्या राहतात. पंचवीस मिनिटं ताटलीभोवती कोणी बोललं नाही.

आखूड व्यास: नवं नियंत्रण २६ आणि २७ मिमी, जुनं २३ आणि २४. बेंचवरच्या ३८ चं हे झालं. यात आश्चर्य नाही, पण कागदावर लिहिताना पोटात खड्डा पडतोच.

आश्चर्य शिरेच्या बाजूला होतं. तीन गोळ्यांना तिथे खाच. नव्याच्या गोळ्यातही. शिरेभोवती लाल रंगाची बारीक कड, काही ठिकाणी २ मिमी, एका ठिकाणी ४. ढगाने जे झाकलं होतं ते मेलं नव्हतं.

एक चूक आमची. चकत्या हाताने कापल्या, आणि तिसऱ्या गोळ्यात कापण्याची पातळी सुईला तिरकी गेली. तिरक्या चकतीत गोळा लांबट दिसतो आणि खाच कुठल्या बाजूची ते सांगता येत नाही. तो गोळा खाचेच्या मोजमापातून वगळला. एका जिवाचा चौथा हिस्सा माहिती आम्ही सुरीने घालवली. उद्या सुईच्या मापाची खाचांची पेटी करून घेते, म्हणजे सुईच्या वाटेत सळई ठेवून यकृत तिच्यात बसवता येईल. काढण्यापूर्वी लोबला दोन रंगांचे टाके: शिरेकडे काळा, कवचाकडे निळा.

९ जुलै

दुसरा प्राणी. पेटी छान चालली.

दुसऱ्या अब्लेशनच्या मध्यात सरासरी धमनीदाब ६८ वरून ४८ वर. डॉक्टरांनी आयसोफ्लुरेन कमी केलं, सलाइन वाढवलं, सहा मिनिटांनी दाब परत आला. त्या लोबमधला गोळा ३१ मिमी आला, खाच जवळजवळ नाही. हा नव्या नियंत्रणाचा गोळा होता.

संध्याकाळी एका सहकाऱ्याने तो फोटो अहवालाच्या पहिल्या पानावर टाकायचं सुचवलं. मी नाही म्हटलं आणि आमचा थोडा वाद झाला. तो गोळा आमच्या अल्गोरिदमने मोठा केला नाही, दाब पडून यकृताचं रक्त आटलं म्हणून तो मोठा झाला. शल्यक्रियेत यकृताची आवक चिमट्याने थांबवून मुद्दाम मोठा गोळा मिळवतात, ती हीच गोष्ट. तुलनेत हा आकडा राहील, पण ‘विचलन’ म्हणून, दाबाच्या आलेखासकट. यापुढे प्रत्येक गोळ्याच्या ओळीत सरासरी दाब आणि गाभ्याचं तापमान हे दोन रकाने सक्तीचे. दाब ६० च्या खाली असेल तर अब्लेशन सुरूच करायचं नाही.

१० जुलै

काल रात्री झोप लागली नाही, म्हणून सकाळी सगळे जुने आलेख पुन्हा काढले. एक गोष्ट सुचली. नव्या नियंत्रणात उसळे कमी होतात, म्हणजे एकूण ऊर्जा जास्त जाते, म्हणून गोळा मोठा. हे खरं. पण खाच शक्तीने भरत नाही. प्रवाहाची घनता अंतराबरोबर झपाट्याने पडते. सुईच्या टोकाशी, जिथे मांडणी गोलासारखी आहे, तिथे अंतर दुप्पट झालं की थेट निर्माण होणारी उष्णता सोळाव्या हिश्श्यावर येते. सुईच्या लांबीच्या मध्यावर ती चौथ्या हिश्श्यावर. गोळ्याची बाहेरची कड तर आतून झिरपणाऱ्या उबेवरच जगते, आणि शीर तीच ऊब पळवते. जोर वाढवून कडेला पोचत नाही, आतच वाफ होते. जवळ जावं लागतं.

म्हणजे उत्तर जनरेटरमध्ये नाही, सुई कुठे ठेवायची यात आहे. हे स्वतःच्या यंत्राबद्दल लिहिताना बरं वाटत नाही, पण लिहिलं.

१६ आणि १७ जुलै

तिसरा आणि चौथा प्राणी, विनाअडथळा. नवं नियंत्रण प्रत्येक प्राण्यात जुन्यापेक्षा मोठं, खाच दोन्हींत. तिसऱ्यात डाव्या आतल्या पॅडची कड ४ अंश चढली, पॅड एका कोपऱ्यातून सुटला होता. त्वचेवर खूण नाही.

७ ऑगस्ट

जगवण्याच्या गटातल्या पहिल्या दोघी. समितीकडून सुधारणा मंजूर करून घेतली: प्रत्येक प्राण्यात फक्त दोन गोळे, दोन्ही नव्या नियंत्रणाने. एकात सुई शिरेपासून ५ मिमीवर आणि १२ मिनिटं, दुसऱ्यात तेवढाच वेळ, मग सुई शिरेच्या पलीकडच्या बाजूला नेऊन दुसरं अब्लेशन.

पोट शिवून बाहेर आणेपर्यंत दोन वाजले. शुद्धीवर येण्याआधीच वेदनाशामक दिलेलं होतं. रात्री मामा थांबले.

८ ऑगस्ट

दोघी उभ्या. एकीची लघवी लालसर, डॉक्टरांना अपेक्षित होती: तापलेल्या भागात फुटलेल्या रक्तपेशींतलं हिमोग्लोबिन. द्रव चालू ठेवले, संध्याकाळपर्यंत स्वच्छ.

११ ऑगस्ट

मामा सकाळी म्हणाले, “ताई, ती दुसरी काही बरी नाही. खाते, पण गवत उकरत नाही.” गुणपत्रकावर तिला शून्य होतं. उभी आहे, खाते, ताप नाही, मग शून्यच. डॉक्टरांनी तपासलं तर पोट ताठ. वेदनाशामकाचा डोस वाढवला. दुपारी नाक खुपसून सगळं गवत एका कोपऱ्यात जमवून ठेवलेलं होतं. गुणपत्रकात ‘उकरणं’ हा रकाना आजपासून. तो मामांच्या नावाने ओळखला जाईल, निदान आमच्यात.

४ सप्टेंबर

२८ वा दिवस. दोघींची उत्तरीय तपासणी. पॅडच्या जागी कातडी स्वच्छ, जठर आणि श्वासाचा पडदा शाबूत. गोळे आकसून घट्ट झालेले, भोवती पांढऱ्या तंतूंचं कवच. आजचा व्यास पहिल्या दिवसाच्या व्यासाशी ताडून ‘गोळा लहान झाला’ असं लिहायचा मोह टाळायला हवा, शरीर मेलेली ऊती हळूहळू उचलून नेतं.

अर्धे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये, अर्धे गोठवले.

१८ सप्टेंबर

पॅथॉलॉजिस्ट मॅडमकडे बसले. त्यांना कुठला गोळा कसा केला ते माहीत नव्हतं, पाकिटं आज माझ्यासमोर फुटली.

नेहमीच्या एच अँड ई रंगात गोळ्याचा गाभा बघून मी दचकले. पेशी जागच्या जागी, केंद्रकं दिसतायत, जणू काही झालंच नाही. मॅडम म्हणाल्या, “या शिजून जशाच्या तशा थिजल्यात. आकार आहे, जीव नाही.” गोठवलेल्या चकतीवर, जिवंत पेशींना निळं करणारा एनएडीएच रंग लावला तेव्हा तोच गाभा कोरा होता आणि भोवतालचं यकृत निळं.

एका बाजूने केलेल्या दोन्ही गोळ्यांत शिरेला चिकटून निळी पट्टी. यकृतपेशींच्या तीन-चार रांगा, नीटनेटक्या, जिवंत, भोवती मेलेल्या ऊतीचं कवच. तिथे गाठ असती तर ती तिथून वाढली असती. दोन बाजूंनी केलेल्या गोळ्यांपैकी एकात पट्टी नाही. दुसऱ्यात आहे, पण शिरेच्या एकाच बाजूला आणि अर्ध्या लांबीची.

दोन प्राण्यांवरून दावा करणार नाही. उरलेल्या दोघींची शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात त्याच पद्धतीने, फक्त दुसऱ्या वेळी सुई किती मिमी पलीकडे गेली ते अल्ट्रासाउंडच्या चित्रावर मोजून त्याच वेळी नोंदवायचं. या वेळी ते मी अंदाजाने लिहिलं होतं आणि मॅडमनी विचारलं तेव्हा उत्तर देता आलं नाही.

वापराच्या माहितीपत्रकाच्या मसुद्यातून ३८ मिमीचं कोष्टक आज काढलं. त्या जागी जिवंत यकृतातला सगळ्यात आखूड व्यास, शिरेच्या बाजूने मोजलेला, आणि शेजारी धमनीदाब. छापणाऱ्या गटाला दुपारीच फाइल पाठवली. कोष्टक आता लहान दिसतं म्हणून त्यांचा फोन येईल, उद्या सकाळी चकत्या घेऊन मीच त्यांच्याकडे जाते.